२१४७४८३६४७ : गंगनम स्टाईलपासून २०३८ पर्यंत आडवी येणारी ही मूळ संख्या नेमकी आहे तरी काय?

गंगनम स्टाईल आठवतंय ना? कोरियाच्या साय या गायकाचं, घोड्यावर बसल्यासारखं नाचायचं ते गाणं. २०१२ मध्ये आलं आणि बघता बघता जगभर पसरलं. युट्यूबवर १०० कोटी व्ह्यूजचा टप्पा गाठणारा तो पहिला व्हिडिओ ठरला.

पण खरी गंमत दोन वर्षांनी झाली. डिसेंबर २०१४ च्या सुरुवातीला युट्यूबने जाहीर केलं की, या व्हिडिओचे व्ह्यूज आता व्ह्यूज मोजण्याच्या मर्यादेपलीकडे निघालेत आणि त्यामुळे मोजणीची सोय वाढवावी लागली आहे. व्हिडिओ कधीतरी इतका बघितला जाईल असं ती सोय करताना कुणाला वाटलंच नव्हतं.

ही मर्यादा किती होती? २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. म्हणजेच २१४७४८३६४७.

वरवर बघितलं तर हा आकडा कसाही उचलून ठेवल्यासारखा वाटतो. सरळ २०० कोटी का नाही? २५० कोटी का नाही? पण या आकड्याला जवळपास ४०० वर्षांचा इतिहास आहे. तो एक मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि स्वतः ती संख्या सोडली तर तिला दुसऱ्या कशानेच पूर्ण भाग जात नाही. कॉम्प्युटर जन्माला येण्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी एका गणितज्ञाने हे कागदावर सिद्ध केलं होतं. आणि तिच्यापासून बनणाऱ्या एका संख्येबद्दल ‘यापुढची शोधायला कोण जाणार, याचा उपयोग काय?’ असंही पुढे लिहिलं गेलं होतं.

आज तीच संख्या तुमच्या फोनमध्ये, गेममध्ये, बँकेच्या सर्व्हरमध्ये बसलेली आहे. ती तिथे कशी पोहोचली, तेच बघूया.

ओळीने ३१ वेळा १

आपण रोज वापरतो ती दशमान पद्धत. तिच्यात ० ते ९ असे दहा अंक. कॉम्प्युटर वापरतो द्विमान पद्धत, तिच्यात अंक दोनच, ० आणि १. दशमानात उजवीकडून एकक, दशक, शतक अशी घरं असतात, तशी द्विमानात १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने वाढणारी घरं असतात.

आता द्विमानात नुसते १ लिहीत जा. १ म्हणजे १. ११ म्हणजे २ अधिक १, झाले ३. १११ म्हणजे ७. ११११ म्हणजे १५. दर वेळी उत्तर २ च्या एखाद्या घातापेक्षा एकने कमी येतं. ओळीने ३१ वेळा १ लिहिला की जी संख्या येते, ती म्हणजे आपली २१४७४८३६४७. गणिताच्या भाषेत, २ चा ३१ वा घात वजा १.

आता कॉम्प्युटर. अनेक वर्षं बहुतेक प्रोग्राममध्ये एक संख्या साठवायला ३२ घरं दिली जायची. त्यातलं पहिलं घर चिन्हासाठी, म्हणजे संख्या धन आहे की ऋण हे सांगण्यासाठी. उरली ३१ घरं. त्या सगळ्या घरांत १ भरले की झाली सगळ्यात मोठी संख्या. त्यापुढे जागाच नाही.

म्हणजे गंगनम स्टाईलची मर्यादा कुणी ठरवून निवडली नव्हती. घरं ३२ म्हटल्यावर ती आपोआप आली.

पण ३१ वेळा १ लिहून येणारी संख्या मूळ असेलच असं काही नाही. ती तशी निघाली, हा या गोष्टीचा दुसरा भाग.

सगळ्या ‘एक एक’ संख्या मूळ का नसतात?

याचं उत्तर समजायला फार गणित लागत नाही. आधी आपल्या रोजच्या दशमान पद्धतीत बघा. ११११११ ही सहा अंकी संख्या घ्या. तिचे तीन-तीनचे दोन गट पडतात, १११ आणि १११. म्हणून तिला १११ ने पूर्ण भाग जातो. ११११११ म्हणजे १११ गुणिले १००१.

द्विमानातही हेच होतं. समजा ओळीने १५ वेळा १ लिहिला. त्याची किंमत ३२७६७. आता १५ चे तीन-तीनचे पाच गट पडतात आणि द्विमानात १११ म्हणजे ७, म्हणून ३२७६७ ला ७ ने भाग जातो. पाच-पाचचे तीन गटही पडतात आणि ११११ च्या पुढे आणखी एक १ लावला की होतात ३१, म्हणून ३१ नेही भाग जातो. ३२७६७ म्हणजे ७ गुणिले ३१ गुणिले १५१.

यातून एक नियम निघतो. १ ची ओळ सारख्या गटांत वाटता आली, तर संख्या मूळ नाही. म्हणजे ओळीची लांबीच मूळ संख्या असायला हवी. ३१ ही मूळ संख्या आहे, तिचे सारखे गट पडत नाहीत. पहिली परीक्षा पास.

पण एवढ्याने भागत नाही. ११ हीसुद्धा मूळ संख्या आहे. ओळीने ११ वेळा १ लिहिला की येतात २०४७. आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. परीक्षा पास होऊनही संख्या मूळ निघाली नाही.

म्हणजे लांबी मूळ असणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. खरी मेहनत इथून सुरू होते.

सांगितलं खूप जणांनी, दाखवलं कुणी नाही

इटलीतल्या पिएत्रो कातालदी या गणितज्ञाने १५८८ मध्ये १७ आणि १९ लांबीच्या संख्या, म्हणजे १३१०७१ आणि ५२४२८७, मूळ असल्याचं दाखवलं. पद्धत सरळ होती. वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं. पुढे त्याने २३, २९, ३१ आणि ३७ या लांबीच्या संख्याही मूळ असल्याचं म्हटलं. यातलं फक्त ३१ बरोबर निघालं. बाकी तिन्ही चुकीचे. २३ लांबीच्या संख्येला ४७ ने भाग जातो, २९ लांबीच्या संख्येला २३३ ने आणि ३७ लांबीच्या संख्येला २२३ ने.

मग आले मरीन मर्सेन. फ्रान्समधले धर्मगुरू, पण युरोपभरच्या शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करणारे. त्यांनी १६४४ मध्ये एक यादी छापली. २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. त्यांचं म्हणणं होतं की, २५७ पर्यंत फक्त याच लांबीच्या संख्या मूळ आहेत. या यादीतही चुका होत्या. ६७ आणि २५७ नको होते. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. तरी आज अशा मूळ संख्यांना त्यांच्याच नावाने, ‘मर्सेन मूळ संख्या’ म्हणून ओळखतात.

दोन्ही याद्यांत ३१ होता. दोघांचंही उत्तर बरोबर होतं. पण गणितात नुसतं बरोबर उत्तर चालत नाही, ते का बरोबर हे दाखवावं लागतं.

ऑयलरने काम ४,८०० वरून ३७२ वर आणलं

हे दाखवलं लिओनार्ड ऑयलरने. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, त्या काळी रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणारा, नजर जवळपास पूर्ण गेलेला गणितज्ञ. १७७२ मध्ये बर्नुलीला पाठवलेल्या पत्रात त्याने २१४७४८३६४७ ही मूळ संख्या असल्याचं कळवलं.

आता काम किती होतं ते बघा. या संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या थोडं पुढे येतं. एखाद्या संख्येला स्वतःपेक्षा लहान विभाजक असेल, तर त्यातला एक तरी वर्गमूळाच्या आत सापडतो. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. अशा मूळ संख्या आहेत जवळपास ४,८००. दहा अंकी संख्येला हाताने तितक्या वेळा भागायचं, आणि एकही भागाकार चुकता कामा नये.

ऑयलरने त्याऐवजी प्रश्न फिरवला. या संख्येला विभाजक असलाच, तर तो दिसेल कसा?

पहिली अट फर्माच्या काळापासून माहीत होती. लांबी ३१ असेल, तर विभाजकाला ६२ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. कारण असं. समजा विभाजक आहे. २ चे घात एकामागून एक घेऊन त्यांना या विभाजकाने भागत राहिलं, तर बाक्या ३१ पावलांनी पुन्हा १ वर येतात. ३१ मूळ आहे, त्यामुळे याहून छोटी फेरी शक्य नाही. आणि फर्माचा नियम सांगतो की, मूळ विभाजकातून १ वजा केला की उरलेल्या संख्येत अशी फेरी नेमकी बसलीच पाहिजे. म्हणजे ‘विभाजक वजा १’ ही ३१ च्या पाढ्यात हवी. विभाजक विषम आहे, म्हणून ती २ च्याही पाढ्यात हवी. झाले ६२.

विश्वास बसत नसेल तर मघाचं २०४७ घ्या. तिथे लांबी ११ होती, म्हणून ६२ ऐवजी २२. विभाजक होते २३ आणि ८९. २३ म्हणजे २२ अधिक १. ८९ म्हणजे ८८ अधिक १, आणि ८८ म्हणजे २२ चोक. दोन्ही नियमात बसतात.

दुसरी अट अशी की, विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या की चित्र एकदम लहान होतं. विभाजकाला २४८ ने भागलं, तर बाकी १ किंवा ६३ च हवी. बाकी सगळ्या संख्या न तपासताच बाद.

४६३४० च्या आत अशा संख्या उरतात फक्त ३७२. म्हणजे सगळ्यात जास्त ३७२ भागाकार. त्यातल्याही ज्या संख्या स्वतः मूळ नाहीत त्या सोडून दिल्या की काम आणखी कमी होतं. एकानेही भाग गेला नाही आणि २१४७४८३६४७ वर शिक्का बसला. त्या वेळी जगाला माहीत असलेली ती सगळ्यात मोठी मूळ संख्या होती, आणि पुढची अनेक दशकं तिचा हा मान टिकला.

‘याचा उपयोग काय?’

मर्सेन मूळ संख्यांमागे लोक लागले होते त्याचं एक जुनं कारण होतं. परिपूर्ण संख्या.

६ घ्या. स्वतःला सोडून तिचे विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. त्यानंतर २८. तिचे विभाजक १, २, ४, ७ आणि १४, बेरीज २८. पुढे ४९६, मग ८१२८. अशा संख्या फार विरळ आहेत. युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दाखवलं की, प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या बनवता येते. ऑयलरने त्याची उलट बाजू दाखवली, की प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रीतीने बनलेली असते.

आपल्या २१४७४८३६४७ ला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की मिळते २३०५८४३००८१३९९५२१२८. ही १९ अंकी संख्या म्हणजे आठवी परिपूर्ण संख्या.

इंग्लंडचे गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मधल्या आपल्या पुस्तकात या संख्येबद्दल लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही कायमच सगळ्यात मोठी सापडलेली परिपूर्ण संख्या राहील. कारण अशा संख्या फक्त गंमत म्हणून ठीक आहेत, त्यांचा उपयोग काही नाही, त्यामुळे हिच्या पलीकडची शोधायला कुणी जाईल असं वाटत नाही.

बार्लोंचा अंदाज तसा अवास्तव नव्हता. हाताने भागाकार करून यापुढे जाणं खरंच अवघड होतं. पण लोकांनी भागाकारच सोडून दिला.

एकही भागाकार न करता

फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं की, १२७ लांबीची मर्सेन संख्याही मूळ आहे. ही ३९ अंकी संख्या. तिच्या वर्गमूळापर्यंत भागत बसलं असतं, तर अनेक आयुष्यं पुरली नसती. ल्युका यांनी विभाजक न शोधताच संख्या मूळ आहे हे सांगणारी रीत काढली. पुढे १९३० मध्ये अमेरिकेच्या डेरिक लेहमर यांनी ती आणखी नेटकी केली.

ती आपणही करू शकतो. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. मग त्या बाकीवर पुन्हा हेच. लांबीपेक्षा दोन कमी इतकी पावलं झाल्यावर बाकी ० आली, तर संख्या मूळ.

३१ वर करून बघा. ३१ म्हणजे ओळीने पाच १, म्हणून पावलं तीन. ४ चा वर्ग १६, वजा २, उत्तर १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ झाले १९४, ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ झाले ६२, बाकी ०. म्हणजे ३१ मूळ.

या रीतीने २१४७४८३६४७ साठी पावलं लागतात फक्त २९.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ही रीत फक्त मर्सेन संख्यांना चालते. कुठलीही संख्या दिली तरी ती मूळ आहे की नाही हे वाजवी वेळात आणि शंभर टक्के खात्रीने सांगता येतं, हे सिद्ध झालं २००२ मध्ये, आणि तेही भारतात. आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ते करून दाखवलं.

‘निरुपयोगी’ संख्येला नोकरी लागली

आता बार्लोंच्या प्रश्नाकडे परत येऊ. उपयोग काय?

कॉम्प्युटरला एक गोष्ट नीट जमत नाही, ती म्हणजे मनाला येईल तो आकडा सांगणं. तो सगळं नियमानेच करतो. पण गेममध्ये फासा टाकायचा असो, गाणी शफल करायची असोत किंवा हवामानाचं मॉडेल चालवायचं असो, ‘कसेही आलेले’ आकडे लागतात. मग एक युक्ती केली जाते. आकडे नियमानेच काढायचे, पण असे की बघणाऱ्याला क्रम ओळखता येऊ नये.

छोटा खेळ करून बघा. १ पासून सुरू करा, दर वेळी ३ ने गुणा आणि ७ ने भागून बाकी घ्या. येतील १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. ७ च्या आतले सगळे आकडे एकदा येऊन गेले, तेही उलटसुलट क्रमाने. आता ७ च्या जागी ८ घ्या. येतील १, ३, १, ३. दोनच आकड्यांत गाडी अडकली.

फरक कशाचा? ७ मूळ आहे, ८ नाही. भागायची संख्या मूळ असेल, तर गुणायला असा एखादा आकडा नक्की सापडतो ज्याने पूर्ण फेरी होते. ती मूळ नसेल, तर काहीही केलं तरी पूर्ण फेरी होत नाही.

मग ३२ घरांच्या कॉम्प्युटरसाठी भागायची सगळ्यात सोयीची संख्या कुठली? जी त्या घरांत मावते, शक्य तितकी मोठी आहे आणि मूळही आहे. थेट २१४७४८३६४७! तिने भागणंही सोपं. ९ ने भागून बाकी काढायची तर आपण अंकांची बेरीज करतो ना, तसंच द्विमानात ३१-३१ घरांचे तुकडे करून त्यांची बेरीज केली की झालं.

गुणायला घेतला १६८०७, म्हणजे ७ चा पाचवा घात. १ पासून सुरू केलं की पुढे १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३ असे आकडे येत जातात, आणि २१४७४८३६४६ पावलं होईपर्यंत एकही आकडा दुसऱ्यांदा येत नाही. या प्रकारची रीत मुळात सुचवली ती मघाच्याच लेहमर यांनी. १९८८ मध्ये स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी ‘किमान एवढं तरी हवंच’ असं माप म्हणून याच दोन आकड्यांची जोडी पुढे केली. आजही सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत ही जोडी तयार मिळते. ती बरोबर बसवली आहे का, हे तपासायची खूणही ठरलेली आहे. १ पासून निघून दहा हजार पावलं टाकली की १०४३६१८०६५ हाच आकडा यायला हवा.

पासवर्ड किंवा ओटीपी बनवायला मात्र ही रीत चालत नाही. एक आकडा कळला की पुढचे सगळे काढता येतात. पण जिथे लपवाछपवी नको, फक्त चांगली सरमिसळ हवी, तिथे तिने बरीच वर्षं इमानेइतबारे काम केलं. ऑयलरने १७७२ मध्ये जे सिद्ध केलं, त्याच्याच जोरावर.

आणि मीटर उलटा फिरला तर?

३१ घरांत सगळे १ भरले असताना आणखी १ मिळवला, तर काय होतं? जुन्या स्कूटरच्या मीटरसारखंच. ९९९९९ नंतर सगळे आकडे फिरून शून्य होतात, तसे इथे ३१ घरांतले १ शून्य होतात आणि हातचा जातो चिन्हाच्या घरात. कॉम्प्युटर ती संख्या वाचतो उणे २१४७४८३६४८. एका पावलात सगळ्यात मोठ्या संख्येवरून थेट सगळ्यात लहान संख्येवर!

रुनस्केप या जुन्या ऑनलाईन गेममध्ये एका ढिगात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ नाणी ठेवता येतात, ते याच कारणाने.

तुमचा मोबाईल नंबरही बघा. भारतातले मोबाईल नंबर दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे देशातला प्रत्येक मोबाईल नंबर २१४७४८३६४७ पेक्षा मोठा आहे. एखाद्या नवख्या प्रोग्रामरने डेटाबेसमध्ये नंबरासाठी साधी ३२ घरांची जागा ठेवली, तर एकही नंबर मावणार नाही. मायएसक्यूएलसारखा डेटाबेस सैल नियमांवर चालवला असेल, तर तो तक्रारही करत नाही. गुपचूप सगळ्यांच्या नावापुढे २१४७४८३६४७ लिहून ठेवतो.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोईंग ७८७ विमानांबद्दल आदेश काढला. विमानाची वीजयंत्रणा सलग २४८ दिवस चालू ठेवली, तर आतला एक सॉफ्टवेअर काउंटर ओसंडून सगळी वीज बंद पडू शकते. ती ठरावीक काळाने बंद करून पुन्हा चालू करा, असं त्यात सांगितलं होतं. आता सेकंदाचा शंभरावा भाग मोजत २१४७४८३६४७ पर्यंत जायला किती दिवस लागतात? साडे-२४८ दिवस. ऑयलरच्या गणितातही २४८ होते, पण तो मात्र निव्वळ योगायोग.

सगळ्यात मोठी तारीख अजून पुढे आहे. बरेच कॉम्प्युटर वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. हे सेकंद ३२ घरांत ठेवले असतील, तर ती जागा भरेल १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. त्यापुढच्या सेकंदाला ते यंत्र समजेल की आज १४ डिसेंबर १९०१ आहे आणि पहाटेचे सव्वादोन वाजलेत.

तुम्ही म्हणाल, अजून वेळ आहे. पण भविष्यातल्या तारखांचा हिशेब आजच होतो. २०२५ मध्ये २० वर्षांचं गृहकर्ज घेतलं, तर शेवटचा हप्ता येतो २०४५ मध्ये. तो हिशेब करणारा प्रोग्राम जुन्या पद्धतीचा असेल, तर तो २०३८ ची वाट बघणार नाही, आताच चुकेल. नव्या फोन आणि कॉम्प्युटरमध्ये वेळ ६४ घरांत मोजतात, त्यांना चिंता नाही. लिनक्सनेही २०२० मध्ये आपल्या ३२ घरांच्या आवृत्तीत ही सोय केली. धोका आहे तो एकदा बसवून विसरून गेलेल्या यंत्रांना. कारखान्यातले कंट्रोलर, जुने राउटर, मीटर, ज्यांचं सॉफ्टवेअर कधी अपडेटच होत नाही अशांना.

नवी मर्यादा मूळ आहे का?

गंगनम स्टाईलच्या वेळी युट्यूबचा मीटर खरं तर बिघडला नव्हता. इंजिनिअर मंडळींनी आधीच अंदाज घेऊन ३२ ऐवजी ६४ घरं केली होती. नवी मर्यादा झाली ९२२३३७२०३६८५४७७५८०७.

ही मूळ आहे का? आता तुम्हालाच सांगता येईल. चिन्हाचं घर सोडून उरली ६३ घरं, म्हणजे ओळीने ६३ वेळा १. त्याचे तीन-तीनचे गट पडतात, म्हणून ७ ने भाग जातो. मूळ नाही.

८, १६, ३२, ६४ आणि १२८ घरांच्या मर्यादा म्हणजे ७, १५, ३१, ६३ आणि १२७ लांबीच्या ओळी. यातल्या ७, ३१ आणि १२७ लांबीच्या संख्या मूळ आहेत, १५ आणि ६३ लांबीच्या नाहीत. म्हणजे कॉम्प्युटरची मर्यादा आणि मूळ संख्या यांचं नातं ठरलेलं नाही. ३२ च्या बाबतीत ते जुळून आलं आणि प्रोग्रामरनी त्याचा फायदा घेतला.

बार्लोंचा अंदाज किती चुकला, तेही बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये लूक ड्युरंट यांनी शोधलेली नवी मर्सेन मूळ संख्या जाहीर झाली. तिची लांबी १३,६२,७९,८४१, म्हणजे द्विमानात लिहायची तर ओळीने तितके १. आपल्या पद्धतीत लिहिली, तर ती ४,१०,२४,३२० अंकी होते. १९९६ पासून जगभरचे हौशी लोक आपापले कॉम्प्युटर लावून ज्या ‘जिम्प्स’ प्रकल्पात असा शोध घेतात, त्यातलाच हा शोध. तिच्यापासूनही एक परिपूर्ण संख्या बनते. आतापर्यंत माहीत असलेल्यांपैकी ती बावन्नावी.

तिचा आज उपयोग काय, असं विचारलं तर खास काही नाही हेच उत्तर मिळेल. २१४७४८३६४७ बद्दलही १८११ मध्ये हेच उत्तर मिळालं होतं.